विरळ हवेतील व्यायाम आणि दमसासाची जोपासना

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्थानकाजवळच्या वनराजीत, कचारगडची डोंगररांग उभी आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या तीन राज्यांच्या सीमा या परिसरात एकमेकींना भिडतात. माघ पौर्णिमेच्या सुमारास या डोंगरावर गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. कोंडल्या गेलेल्या कली कंकालीच्या मुलांची पारी कुपार लिंगो यांनी हिरासुका पाटालीर या वादकाच्या साहाय्याने येथील गुहेतून मुक्तता केली, अशी गोंडी परंपरा आहे. त्या पावन स्थळाच्या दर्शनासाठी अनेक राज्यांतून भाविक येतात. वृद्ध स्त्रीपुरुष, लेकुरवाळ्या माता आणि तरुण मुले दगडधोंड्यांची चढण पायी चढून गुहेपर्यंत पोहोचतात. डोंगर चढण्याचा दमसास या लोकजीवनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे.

या परिसरातील तरुणांपुढे आज दमसासाचा प्रश्न निराळ्या स्वरूपातही उभा आहे. पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांना सोळाशे मीटर आणि महिला उमेदवारांना आठशे मीटर धावावे लागते. सैन्यभरतीतही धावण्याची कसोटी असते. भरती झालेल्या जवानाची नेमणूक पुढे लडाख, सिक्कीम अथवा सियाचीनसारख्या अत्युच्च प्रदेशात होऊ शकते. क्रीडापटूंच्या तयारीत "विरळ हवेतील व्यायाम" या पद्धतीचा अलीकडे बराच बोलबाला आहे. साहजिकच, ही पद्धत म्हणजे काय, तिने खरोखर काय साध्य होते, कचारगडसारख्या डोंगराचा तीत कितपत उपयोग आहे आणि पूर्व विदर्भातील तरुणांनी कोणती विशेष दक्षता घेतली पाहिजे, या प्रश्नांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

हवा विरळ होते म्हणजे काय?

उंचावर प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. समुद्रकिनारी असो वा एव्हरेस्टच्या माथ्यावर, कोरड्या हवेतील प्राणवायूचा वाटा शेकडा सुमारे २१ इतकाच असतो. उंचीबरोबर कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीवर हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीवर तो निम्म्यावर येतो. १९८१ साली अमेरिकन वैद्यकीय संशोधन मोहिमेने एव्हरेस्टच्या शिखरावर मोजलेला दाब सुमारे २५३ मिलिमीटर, म्हणजे समुद्रसपाटीच्या एकतृतीयांश होता. दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसात जाणारा प्राणवायू कमी होतो आणि रक्तात त्याचा शिरकावही मंदावतो.

या हिशेबात महाराष्ट्रातील डोंगर कोठे बसतात, हे पाहण्यासारखे आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चारपंचमांशाहून थोडा अधिक असतो. कचारगडची उंची तर काही शे मीटरच आहे. तेथील दाब समुद्रसपाटीच्या नऊदशांशाहूनही अधिक भरतो. म्हणजेच कचारगड चढताना लागणारी धाप ही विरळ हवेमुळे लागत नाही. शरीराचा भार उभ्या चढणीवर वाहून नेण्याच्या श्रमामुळे ती लागते. हा भेद नीट ध्यानात ठेवला म्हणजे पुढील पुष्कळ गैरसमज आपोआप दूर होतात.

शरीर कसे जुळवून घेते?

सपाटीवरचा मनुष्य उंच प्रदेशात गेला की प्रथम त्याचा श्वास जलद व खोल होतो आणि नाडीची गती वाढते. ही तातडीची उपाययोजना होय. पहिल्या काही दिवसांत रक्तातील पाण्याचा अंश कमी होऊन रक्त काहीसे घट्ट होते. त्याच वेळी मूत्रपिंडे 'एरिथ्रोपोएटिन' नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात रक्तात सोडू लागतात. हाडांच्या मगजेला तांबड्या पेशी वाढविण्याची आज्ञा या संप्रेरकाकडून मिळते. मात्र नव्या पेशी तयार होऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता लक्षणीय वाढण्यास काही आठवडे लागतात.

प्राणवायू कमी झाल्याचे पेशींना कसे उमगते, हे कोडे उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पेशींमध्ये एक विशिष्ट प्रथिन सतत तयार होत असते आणि पुरेसा प्राणवायू असेल तोवर ते लगेच नष्टही होत असते. प्राणवायू घटला की ते टिकून राहते आणि एरिथ्रोपोएटिनसह अनेक घटकांच्या निर्मितीस चालना देते.

तांबड्या पेशींमधील रक्तरंजक द्रव्य लोहावाचून बनत नाही. ज्याच्या शरीरात लोहाची उणीव आहे, त्याला उंचावर कितीही दिवस ठेवले तरी त्याच्या रक्तात अपेक्षित वाढ होत नाही. ग्रामीण व आदिवासी भागात, विशेषतः किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा उमेदवारास विरळ हवेपेक्षा लोहयुक्त आहाराची व औषधोपचाराची गरज आधी असते.

मेक्सिकोपासून मांडव्यापर्यंत

क्रीडाजगताचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले ते १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमुळे. हे शहर २,२४० मीटर उंचीवर वसलेले असून तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीनचतुर्थांश आहे. हवेचा विरोध कमी असल्याने अल्प काळाच्या, झपाट्याच्या क्रीडाप्रकारांना तेथे लाभ झाला. बॉब बीमन याने लांब उडीत ८.९० मीटर अंतर कापून जगास चकित केले. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत मात्र उलटे घडले. दहा हजार मीटरची शर्यत केनियाच्या नफ्ताली तेमू याने २९ मिनिटे २७.४ सेकंदांत जिंकली. ही वेळ तत्कालीन जागतिक विक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून अधिक होती. तो विक्रम ज्याच्या नावावर होता, तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा आला आणि शर्यत संपताच बेशुद्ध होऊन कोसळला. उंच पठारांवर वाढलेले धावपटू पुढे आणि सपाटीवरचे विक्रमवीर मागे, हे दृश्य पाहून प्रशिक्षकांनी उंच प्रदेशातील शिबिरांचा मार्ग धरला.

या मार्गातील एक मोठी अडचण लवकरच लक्षात आली. विरळ हवेत धावपटूला आपल्या नेहमीच्या वेगाने सराव करता येत नाही. सरावाचा वेग मंदावला की पायांची चपळाई घटते. १९९७ साली बेंजामिन लेव्हिन व जेम्स स्ट्रे-गंडरसन या अमेरिकन संशोधकांनी धावपटूंचे तीन गट पाडून एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या गटाने चार आठवडे २,५०० मीटर उंचीवर मुक्काम केला, पण सराव १,२५० मीटरवर उतरून केला. दुसऱ्या गटाने मुक्काम व सराव दोन्ही उंचावर केले. तिसऱ्याने दोन्ही सखल भागात केले. पहिल्या दोन्ही गटांच्या तांबड्या पेशी वाढल्या, तथापि सपाटीवरील पाच हजार मीटरच्या धावण्यात सुधारणा झाली ती केवळ पहिल्या गटाची, सरासरीने सुमारे १३ सेकंदांची. "राहावे उंचावर, धावावे सखलात" हे सूत्र त्यातून रूढ झाले. या गटातही सर्वांना सारखा लाभ झाला नाही. काहींच्या शरीराने उत्तम प्रतिसाद दिला, तर काहींना फारसा फरक पडला नाही.

आपल्या देशातही हिमाचल प्रदेशातील शिलारू येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे उच्चस्थलीय प्रशिक्षण केंद्र आहे. निलगिरीतील उटी येथे अनेक भारतीय धावपटू सरावासाठी जात आले आहेत. सातारा जिल्ह्याची ललिता बाबर तेथे सराव करून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत पोहोचली आणि दहावी आली. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यावर सियाचीनमध्ये सेवेस होता. पुढे त्याने अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या सुमारे १,८०० मीटर उंचीवरील शहरात सराव केला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक त्याने मिळविले. हे यश एकट्या उंचीचे आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्षानुवर्षांची शिस्तबद्ध मेहनत हा त्याचा पाया आहे आणि उंच प्रदेशातील मुक्काम हा त्यावर चढविलेला कळस आहे.

कृत्रिम उपाय आणि फसवे उपाय

डोंगरावर न जाता विरळ हवेचा अनुभव देणारी साधनेही आता निघाली आहेत. बंद तंबूत किंवा खोलीत नत्रवायूचे प्रमाण वाढवून प्राणवायूचा वाटा शेकडा २१ ऐवजी १५ च्या आसपास आणला की सुमारे अडीच हजार मीटर उंचीचे वातावरण निर्माण होते. अशा ठिकाणी दररोज निदान बारा तास याप्रमाणे तीन-चार आठवडे मुक्काम झाल्यास रक्तात बदल संभवतो. केवळ तासाभराच्या सरावाने तांबड्या पेशी वाढत नाहीत. स्नायूंवर त्याचे काही परिणाम होतात, पण सपाटीवरील शर्यतीत त्याचा लाभ किती, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. ही साधने खर्चाची असून तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून वापरण्याजोगी नाहीत.

बाजारात मिळणारे "उंचीचा सराव" देणारे मुखवटे या प्रकारात मोडत नाहीत. त्यांच्यामुळे श्वास ओढण्यास अडथळा होतो आणि श्वसनाच्या स्नायूंना काही व्यायाम घडतो. हवा मात्र विरळ होत नाही.

गुहेतील किंवा बंद कोठीतील कोंदट हवेत व्यायाम केल्यास उंचीचा लाभ मिळतो, ही समजूत तर सर्वस्वी चुकीची व घातक आहे. कोंदट जागेत उच्छ्‌वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साचतो. त्याने डोके दुखते, गुंगी येते आणि प्रमाण फार वाढल्यास प्राणावर बेतते. तेथे चूल, शेगडी अथवा धुनी पेटती असेल तर कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. हा वायू रक्तरंजक द्रव्यास प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो आणि मनुष्यास काही कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते. डोक्यावर पिशवी ओढून अगर नाक-तोंड बांधून धावणे हेही असेच जिवाशी खेळणे होय. डोंगरावरची हवा विरळ असली तरी स्वच्छ व वाहती असते. कोंदट हवेशी तिची तुलना होऊ शकत नाही.

उंच प्रदेशात जाण्याची तयारी

शर्यत जिंकणे आणि उंच प्रदेशात सुखरूप राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९६२ च्या युद्धात भारतीय जवानांना सपाटीवरून अल्पावधीत हिमालयाच्या उंच ठाण्यांवर जावे लागले आणि विरळ हवेच्या आजारांनी अनेकांना ग्रासले. त्या काळातील १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. या विषयावरील तो जगातील एक पायाभूत अभ्यास मानला जातो. अशा अनुभवांतून भारतीय सेनेने टप्प्याटप्प्याने चढण्याची पद्धत घालून दिली. सुमारे नऊ ते बारा हजार फूट उंचीवर सहा दिवस, त्यानंतर पंधरा हजार फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस, असा हा क्रम आहे. गिर्यारोहकांसाठीही साधा दंडक असा की, तीन हजार मीटरनंतर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे व झोप न येणे ही उंचीच्या आजाराची आरंभीची लक्षणे होत. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. विसावा घेत असताही धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचल्याची चिन्हे आहेत. रुग्णास विनाविलंब खाली उतरविणे हा त्यावरील पहिला उपाय आहे.

उत्तम धावणारा तरुण या आजारापासून सुरक्षित असतो, हाही एक भ्रमच आहे. शरीर कमावलेले असल्याने तो इतरांपेक्षा भराभर चढतो आणि म्हणूनच कधी कधी आधी आजारी पडतो. दमसास व उंचीचा सराव या परस्परांना पूरक, परंतु वेगवेगळ्या कमाया आहेत.

पूर्व विदर्भासाठी विशेष दक्षता

गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांच्या दृष्टीने या विषयाची सर्वांत महत्त्वाची बाजू सिकलसेलची आहे. भारतात या आनुवंशिक विकाराची प्रथम नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. पुढे मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात तो आढळून आला. पूर्व विदर्भातील आदिवासी तसेच अन्य अनेक समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. या विकारात प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी आपला गोल आकार सोडून विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

ज्यास आई व वडील या दोघांकडूनही हा गुणधर्म मिळाला, तो सिकलसेलग्रस्त होय. अशा व्यक्तीने विरळ हवेतील व्यायामाच्या वाटेस जाऊ नये. ज्यास तो एकाकडूनच मिळाला, तो केवळ वाहक असतो. वाहक व्यक्ती एरवी निरोगी जीवन जगते, खेळू शकते व धावू शकते. तथापि विरळ हवेत, किंवा कडक उन्हात शरीरातील पाणी कमी झाले असता जिवाच्या आकांताने धावताना, वाहकालाही धोका संभवतो. उंच प्रदेशात गेल्यावर डाव्या बरगडीखाली एकाएकी तीव्र कळ येऊ लागली, तर प्लीहेचा रक्तपुरवठा अडल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी ताबडतोब खाली उतरून वैद्यकीय मदत घेतली पाहिजे.

यास्तव या भागातील प्रत्येक उमेदवाराने सरावास आरंभ करण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. प्राथमिक चाचणीस बोटातील थेंबभर रक्त पुरते. ती सदोष आल्यास पुढील चाचणीने वाहक की रुग्ण याचा निर्णय होतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. वाहक असणे हा दोष नाही आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. आपण वाहक आहोत हे ठाऊक असलेला तरुण पाणी पिऊन, विसावा घेऊन व वेग बेताने वाढवून सुरक्षितपणे सराव करू शकतो. धोका असतो तो ठाऊक नसलेल्यास. ही माहिती प्रशिक्षकास व सोबत्यांसही असावी.

कचारगडच्या पायथ्याचा व्यायाम

मग कचारगडच्या परिसरातील तरुणाने काय करावे? विरळ हवा त्याच्या दारी नसली तरी चढण आहे आणि चढण हा दमसासाचा जुना गुरू आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस गप्पा मारता येतील अशा बेताच्या गतीने धावणे, एक-दोन दिवस लहान चढणीवर वेगाने धावून उतारावर चालत परतणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, असा क्रम आठ ते बारा आठवडे पाळल्यास हृदयाची व पायांची शक्ती निश्चित वाढते. यात्रेच्या दिवसांत आणि देवस्थानाच्या वाटेवर भाविकांना अडथळा होईल असा सराव करू नये. त्यासाठी गावालगतची टेकडी अथवा माळ पुरेसा आहे.

आहारात नाचणी, हिरव्या पालेभाज्या, तीळ, कडधान्ये, मासळी, अंडी यांचा समावेश असावा. जेवणासोबत आवळा किंवा लिंबू घेतल्यास अन्नातील लोह शरीरात चांगले शोषले जाते, तर जेवणालगत चहा घेतल्याने ते शोषण घटते. रक्तक्षय आढळल्यास वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

या मार्गाने काय साधता येते, याचे उदाहरण शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्याने घालून दिले आहे. 'मिशन शौर्य' या उपक्रमाखाली आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांना निवडून गिर्यारोहणाचे शिक्षण देण्यात आले. दार्जिलिंग व लडाख येथे त्यांचा सराव झाला. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. ही मुले वाढली होती सपाटीवरच्या वनप्रदेशात. पायांची ताकद त्यांनी गावाकडून नेली आणि विरळ हवेची सवय टप्प्याटप्प्याने, जाणकारांच्या देखरेखीखाली कमावली.

विरळ हवेतील व्यायामाची उपयुक्तता यावरून स्पष्ट व्हावी. पाया पक्का झालेल्या क्रीडापटूस ती थोडी, पण मोलाची आघाडी देऊ शकते. उंच प्रदेशात सेवेस जाणाऱ्यास क्रमाक्रमाने चढण्याला पर्याय नाही. गावोगावच्या होतकरू तरुणांना मात्र प्रथम हवी आहे ती रक्ताची तपासणी, सकस आहार आणि नेमाने केलेला सराव. कचारगडच्या पायथ्याच्या गावांतून उद्या एखादा धावपटू किंवा गिर्यारोहक पुढे यायचा असेल, तर त्याची पहिली चढण आरोग्य केंद्राच्या पायरीपासून सुरू झाली पाहिजे.